पर्यावरण रसायनशास्त्राची गणितं : आधी एकक, मग सूत्र

बीएस्सीच्या पेपरात पाण्याचं किंवा हवेचं गणित आलं की आपल्याकडची बरीच पोरं ते सरळ ऑप्शनला टाकतात. कॉलेज आर्णीचं असो, अहेरीचं की मेहकरचं, कारण विचारलं तर उत्तर ठरलेलं : "सर, माझं मॅथ्स कच्चं आहे." मला हे पटत नाही. या गणितांना लागतं काय? गुणाकार, भागाकार, शेकडेवारी आणि अधूनमधून लॉग. गाडी अडते ती आकड्याचा अर्थ लावताना. '८०' दिसले की पोरगं सूत्र आठवायला लागतं. ते ८० कशाचे, कशात आणि कोणत्या हिशेबाने मोजलेले, हे ठरवायचं राहूनच जातं.

म्हणून हा लेख सूत्रांचा तक्ता नाही. दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेल्या, आता इंग्रजी पुस्तकाशी झुंजणाऱ्या आणि बॅकलॉगच्या भीतीत असलेल्या विद्यार्थ्यासाठी तो लिहिला आहे. कागद-पेन्सिल घेऊन वाचा. उदाहरणांतले आकडे सरावासाठी घेतले आहेत, मर्यादा मात्र खऱ्या आहेत.

पहिली पायरी : प्रश्न मराठीत उतरवा

प्रश्न वाचून झाला की समासात तीन गोष्टी लिहा : कशाचं, किती, कशात. "फ्लोराइड, २.८ मिलिग्रॅम, १ लिटर पाण्यात." इतकंच. मग विचारलंय काय, ते खाली लिहून अधोरेखित करा, आणि उत्तर कोणत्या एककात हवंय तेही आधीच लिहून टाका. उत्तराचं एकक आधी लिहिलं की अर्धा रस्ता आपोआप दिसतो.

इंग्रजी प्रश्नातले छोटे शब्द नीट बघा. '२५ मिली नमुना डायल्यूटेड टू १०० मिली' म्हणजे एकूण १०० मिली झालं, नमुना ४ पट पातळ. 'डायल्यूटेड विथ १०० मिली' म्हणजे वरून १०० घातलं, एकूण १२५, नमुना ५ पट पातळ. एका शब्दाने सगळं उत्तर फिरतं, आणि परीक्षक नेमकं तिथंच बघतो.

दुसरी पायरी : पीपीएमची भीती घालवा

एक लिटर पाण्याचं वजन जवळपास एक किलो, म्हणजे दहा लाख मिलिग्रॅम. त्यात एक मिलिग्रॅम काही विरघळलं तर ते दहा लाखात एक झालं. म्हणून पाण्यासाठी १ मिग्रॅ/लिटर म्हणजे १ पीपीएम, आणि १ मायक्रोग्रॅम/लिटर म्हणजे १ पीपीबी (शंभर कोटीत एक). ग्रॅम, मिलिग्रॅम, मायक्रोग्रॅम, प्रत्येक पायरी हजाराची. खाली उतरताना हजाराने गुणा, वर चढताना भागा. मातीच्या किंवा गाळाच्या नमुन्यात 'लिटर'च्या जागी 'किलो' येतो. हवेत पीपीएमचा अर्थच वेगळा असतो, त्यावर पुढे येतो.

आता फ्लोराइडचंच गणित घेऊ. यवतमाळ आणि चंद्रपूर जिल्ह्यांत हा प्रश्न पुस्तकातला नाही. पांढरकवडा, झरी जामणीकडे दातांवर पिवळे-तपकिरी डाग असलेली पोरं बघितलेल्यांना तो वेगळा सांगायला नको. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात (आयएस १०५००) फ्लोराइडची स्वीकार्य मर्यादा १.० आणि दुसरा स्रोतच नसेल तर कमाल १.५ मिग्रॅ/लिटर आहे.

समजा हातपंपाच्या पाण्यात २.८ मिग्रॅ/लिटर फ्लोराइड आहे आणि जवळच्या उथळ विहिरीत ०.४. दोन्ही मिसळून १.० वर आणायचं तर प्रमाण काय? सूत्र शोधू नका. हातपंपाचं प्रत्येक लिटर १.० च्या वर १.८ मिग्रॅ जास्तीचं आणतं. विहिरीच्या प्रत्येक लिटरमध्ये १.० पर्यंत ०.६ ची जागा शिल्लक आहे. १.८ भागिले ०.६ म्हणजे ३. एक गुंड हातपंपाचं, तीन गुंड विहिरीचं. पडताळा : (२.८ + ३ × ०.४) ÷ ४ = ४.० ÷ ४ = १.० मिग्रॅ/लिटर. जमलं.

हा पडताळा ऐच्छिक समजू नका. मिश्रणाचं उत्तर दोन मूळ आकड्यांच्या मध्येच पडलं पाहिजे. ०.४ आणि २.८ मिसळून ३.२ आलं, तर कुठं तरी भागायचं राहिलं.

जाता जाता : फ्लोराइड कमी करायची नलगोंडा पद्धत नागपूरच्या नीरी संस्थेने विकसित केली. तिच्यात तुरटी आणि चुना वापरतात. पेपरात टीप म्हणूनही ती येते.

तिसरी पायरी : मिलिमोलमध्ये विचार करा

पुस्तकं मोल आणि लिटर वापरतात आणि मग ०.००० च्या रांगा लागतात. पाण्याच्या गणितात आकडे लहानच असतात, म्हणून सरळ मिलिमोल आणि मिलिलिटर धरा. मिलिग्रॅमला रेणुभाराने भागलं की मिलिमोल मिळतात. फ्लोराइडचा भार १९, म्हणून १.९ मिग्रॅ/लिटर म्हणजे ०.१ मिलिमोल/लिटर. टायट्रेशनमध्ये मोलॅरिटी गुणिले मिलिलिटर म्हणजे मिलिमोल. बस.

कॅल्क्युलेटरबद्दल एक सूचना. बारावीपर्यंत आपण लॉग टेबलवर वाढलेले, त्यामुळे घातांकाचं बटण हाताला नवीन असतं. दहाचा उणे चौथा घात टाकायचा तर १ दाबून मग घातांकाचं बटण आणि −४. तिथं १० दाबलं की उत्तर दहापट होतं. डोळ्यांना ते दिसतही नाही.

चौथी पायरी : 'च्या रूपात' हे शब्द शोधा

सगळ्यात जास्त गुण इथं जातात, म्हणून इथं जरा थांबू.

पाण्याचा कठीणपणा नेहमी 'कॅल्शियम कार्बोनेटच्या रूपात' देतात. पोरं विचारतात, पाण्यात मॅग्नेशियमही आहे, मग सगळं कार्बोनेटमध्ये का? बाजारात कापूस क्विंटलवर जातो, संत्री कॅरेटवर, बकरी नगावर, पण घरी आल्यावर बाप बेरीज रुपयातच करतो. तसं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम यांची सरळ बेरीज होत नाही, दोन्ही आधी एका मापात आणावे लागतात. कॅल्शियम कार्बोनेटचा रेणुभार १००, हिशेबाला सोपा, म्हणून तो निवडला.

कॅल्शियमचा भार ४०, म्हणून गुणक १०० ÷ ४० = २.५. मॅग्नेशियमचा २४ धरला तर १०० ÷ २४ = ४.१७ (२४.३ धरला तर ४.१२). पाठ करायची गरज नाही, दर वेळी १०० भागिले भार करा. दोघांचाही प्रभार २ असल्यामुळे हे इतकं सोपं राहतं. सोडियमसारखा प्रभार १ असलेला आयन कार्बोनेटच्या रूपात आणायचा तर ५० भागिले २३ करावं लागतं.

उदाहरण. विहिरीच्या पाण्यात कॅल्शियम ८०, मॅग्नेशियम २४ मिग्रॅ/लिटर. कॅल्शियममुळे ८० × २.५ = २००. मॅग्नेशियममुळे २४ × १०० ÷ २४ = १००. एकूण कठीणपणा ३०० मिग्रॅ/लिटर, कॅल्शियम कार्बोनेटच्या रूपात. स्वीकार्य मर्यादा २००, कमाल ६००. म्हणजे पाणी कठीण आहे, डाळ शिजायला वेळ घेईल, पण दुसरा स्रोत नसेल तर पिता येईल. ८० आणि २४ ची बेरीज १०४ करून 'पाणी उत्तम' लिहिणारे पेपर दर वर्षी येतात.

तोच कठीणपणा ईडीटीए (कॅल्शियम-मॅग्नेशियमला बांधून घेणारं रसायन) टायट्रेशनने काढला, तर ०.०१ मोलर ईडीटीएचा प्रत्येक मिली १ मिग्रॅ कॅल्शियम कार्बोनेटएवढा. कारण १ मिली × ०.०१ = ०.०१ मिलिमोल, आणि गुणिले १०० म्हणजे १ मिग्रॅ. ५० मिली नमुन्याला १५ मिली लागलं तर ५० मिलीत १५ मिग्रॅ, लिटरला ३००.

नायट्रेटचा सापळा याहून बेरका आहे. भारतीय मानकात मर्यादा ४५ मिग्रॅ/लिटर आहे, पण ती नायट्रेटच्या रूपात. कित्येक अहवाल आणि परदेशी पुस्तकं नायट्रेट-नायट्रोजन देतात, म्हणजे फक्त नायट्रोजनचं वजन. नायट्रेटचा भार ६२, त्यात नायट्रोजन १४. समजा गोठ्याशेजारच्या, बाजूच्या वावरात भरपूर युरिया पडणाऱ्या विहिरीचा अहवाल 'नायट्रेट-नायट्रोजन १२' सांगतो. घाईत १२ ची ४५ शी तुलना केली तर पाणी सुरक्षित. नीट केलं तर १२ × ६२ ÷ १४ = ५३.१ मिग्रॅ/लिटर, मर्यादेबाहेर. आणि हे पाणी बाटलीने दूध पिणाऱ्या तान्ह्या बाळासाठी वापरलं तर ब्लू बेबी आजाराचा धोका असतो.

म्हणून प्रश्नात 'अ‍ॅज' (म्हणजे 'च्या रूपात') हा शब्द दिसला की त्याभोवती गोल करा.

टीसीएलचं गणित, ग्रामपंचायतीच्या विहिरीवर

हे पुस्तकात एका ओळीत उरकतात, पण याच्यात आकारमान, शेकडेवारी आणि संहती तिन्ही येतात. गावातला जलसुरक्षक विहिरीत टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर टाकतो, ती किती टाकायची?

गोल विहीर, व्यास ४ मीटर, पाण्याची खोली ५ मीटर. आकारमान = ०.७८५ × व्यास × व्यास × खोली = ०.७८५ × १६ × ५ = ६२.८ घनमीटर. एक घनमीटर म्हणजे १००० लिटर, म्हणून ६२,८०० लिटर. इथला ०.७८५ म्हणजे पाय (π) भागिले ४. प्रश्नात त्रिज्या दिली असेल तर हा आकडा वापरू नका, सरळ पाय घ्या. माप फुटात असेल तर एक घनफूट म्हणजे २८.३ लिटर. आणि खोली पाण्याची घ्या, विहिरीची नव्हे. मे महिन्यात दोन्हींत किती फरक असतो, ते तुम्हाला माहीतच आहे.

नेहमीचं प्रमाण १००० लिटरला २.५ ग्रॅम चांगली पावडर. ६२.८ × २.५ = १५७ ग्रॅम.

आता परीक्षेचा प्रश्न : पावडरीत ३३ टक्के उपलब्ध क्लोरीन असेल तर पाण्यात क्लोरीन किती पडलं? १५७ × ०.३३ = ५१.८ ग्रॅम = ५१,८०० मिग्रॅ. भागिले ६२,८०० लिटर = ०.८२ मिग्रॅ/लिटर. पोतं उघडं राहून, दमट होऊन क्लोरीन २० टक्क्यांवर आलं असेल तर? तीच १५७ ग्रॅम पावडर फक्त ०.५ मिग्रॅ/लिटर देते. पूर्वीएवढं क्लोरीन हवं असेल तर १५७ × ३३ ÷ २० = २५९ ग्रॅम लागेल. पावडर कमजोर म्हणजे जास्त लागणार, हे आधी मनाशी म्हणा आणि मगच अपूर्णांक मांडा. ९५ ग्रॅम उत्तर आलं तर अपूर्णांक उलटा झाला.

टाकलेलं सगळं क्लोरीन शिल्लक राहत नाही. पाण्यातली घाण त्यातलं काही खाते, तिला क्लोरीनची मागणी म्हणतात. टाकलेलं वजा मागणी म्हणजे उरलेलं. हे मोकळं क्लोरीन निदान ०.२ मिग्रॅ/लिटर राहायला हवं. ओटी (ऑर्थोटॉलिडिन) टेस्टमध्ये पिवळा रंग बघतात, तो याचसाठी.

डीओ, बीओडी, सीओडी

डीओ म्हणजे पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन. विंकलर पद्धतीत ०.०२५ नॉर्मल थायोसल्फेट वापरतात. ऑक्सिजनचा सममूल्यभार ८, म्हणून प्रत्येक मिली ०.०२५ × ८ = ०.२ मिग्रॅ ऑक्सिजन दाखवतो. नमुना २०० मिली घेतला तर ब्युरेटवरचा आकडाच मिग्रॅ/लिटरमध्ये उत्तर असतो. ०.०२५ आणि २०० ही जोडी त्यासाठीच निवडलेली आहे. हे एकदा कळलं की सूत्र विसरायची भीती राहत नाही.

इथंही उत्तराला कुंपण आहे. हवेतून पाणी जास्तीत जास्त किती ऑक्सिजन धरू शकतं, ते तापमानावर ठरतं : २५ अंशांना सुमारे ८.३, ३० अंशांना सुमारे ७.६ मिग्रॅ/लिटर. उन्हाळ्यातल्या तलावाच्या नमुन्यात डीओ ७६ आला, तर दशांश चिन्ह घसरलंय. (हिरव्या शेवाळाने भरलेल्या तळ्यात दुपारी तो मर्यादेपेक्षा थोडा वर जाऊ शकतो, पण दहापट नाही.)

बीओडी म्हणजे पाण्यातली सेंद्रिय घाण कुजवताना जंतू जो ऑक्सिजन वापरतात तो. त्याचं गणित म्हणजे सुरुवातीचा डीओ वजा नंतरचा डीओ, गुणिले किती पट पातळ केलं. नाल्याचं ६ मिली पाणी ३०० मिलीच्या बाटलीत घेतलं, म्हणजे ५० पट. डीओ ८.० वरून ४.४ वर आला. ३.६ × ५० = १८० मिग्रॅ/लिटर. सांडपाणी नदी-नाल्यात सोडायची सर्वसाधारण मर्यादा ३० आहे, म्हणजे हे पाणी सहापट घाण. नंतरचा डीओ शून्य आला असेल तर मात्र गणित करूच नका. ऑक्सिजन मधेच संपला, खरी मागणी किती होती कळणार नाही. 'नमुना अधिक पातळ करायला हवा होता' असं लिहा, गुण मिळतात.

आपल्याकडे बीओडी ३ दिवस आणि २७ अंशांवर मोजतात. परदेशी पुस्तकांत ५ दिवस आणि २० अंश असतं. उत्तरात कोणता तो लिहा. घातांकी सूत्र आलं तर वेगाचा स्थिरांक ई पायाचा आहे की दहाच्या, ते आधी बघा. दहाच्या पायाचा ०.१ आणि ई पायाचा ०.२३ ही एकच गोष्ट, कारण मध्ये २.३०३ चा गुणक आहे. दोन्ही वापरून ५ दिवसांत सुमारे ६८ टक्के बीओडी पूर्ण होतो. तुमचं उत्तर ३९ किंवा ९३ टक्के आलं तर पाया चुकला.

सीओडी म्हणजे तीच घाण रसायनाने ऑक्सिडाइज करायला लागणारा ऑक्सिजन. त्याच्या सूत्रातले ८००० म्हणजे ऑक्सिजनचा सममूल्यभार ८ गुणिले लिटरमधले १००० मिली. ब्लँकला (नमुन्याऐवजी शुद्ध पाणी) २४ मिली, नमुन्याला १८ मिली, नॉर्मॅलिटी ०.१, नमुना २० मिली : ६ × ०.१ × ८००० ÷ २० = २४०. वजाबाकी ब्लँकमधून नमुन्याची, उलटी नाही. आणि एकाच पाण्याचा बीओडी सीओडीपेक्षा जास्त आला, तर दोन्हींपैकी एक गणित परत करा.

हवेचा पीपीएम

हवेत पीपीएम आकारमानावर चालतं, त्यामुळे रेणुभार आणि तापमान दोन्ही लागतात. २५ अंश आणि एक वातावरण दाबाला वायूच्या एका मोलचं आकारमान २४.४५ लिटर. पीपीबी गुणिले रेणुभार भागिले २४.४५ म्हणजे मायक्रोग्रॅम/घनमीटर. सल्फर डायऑक्साइडची २४ तासांची मर्यादा ८० मायक्रोग्रॅम/घनमीटर. उलटं करू : ८० × २४.४५ ÷ ६४ = ३०.६ पीपीबी.

आता चंद्रपुरातल्या मे महिन्याचं ४५ अंश धरा. आकारमान २४.४५ × ३१८ ÷ २९८ = २६.१ लिटर होतं आणि उत्तर ३२.६ पीपीबी येतं. प्रश्नात तापमान दिलं असेल तर ते शोभेसाठी नसतं, आणि ते केल्विनमध्येच घालायचं. सवयीने २२.४ लावू नका, तो शून्य अंशाचा आकडा आहे. धूळकणांचं, म्हणजे पीएम १० किंवा पीएम २.५ चं, पीपीएम करता येत नाही. धुळीला रेणुभार कुठला असणार?

पीएचची सरासरी काढू नका

पीएच ४ आणि पीएच ६ चं सारखं पाणी मिसळलं, तर पीएच ५ येत नाही. आधी हायड्रोजन आयन काढा : ०.०००१ आणि ०.०००००१ मोल/लिटर. सरासरी ०.००००५०५. लॉग घेतला की पीएच ४.३०. आम्लाची बाजू जड राहते, कारण ४ मध्ये ६ च्या शंभरपट आयन आहेत. हे साध्या, बफर नसलेल्या पाण्यापुरतं. लोणारच्या सरोवरासारखं कार्बोनेटने भरलेलं क्षारीय पाणी मिसळलं तर नुसत्या सरासरीने भागत नाही. तिथं क्षारतेचा हिशेब आधी करावा लागतो.

सराव कुठून आणायचा

गाइडमधले तेच ते प्रश्न सोडवण्यापेक्षा गावाच्या पाण्याचा तपासणी अहवाल मागा. तो ग्रामपंचायतीत असतो. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळेतला असेल तर आणखी चांगलं. अकोला-बुलढाण्याकडच्या खारपाणपट्ट्यातल्या पोरांना तर क्लोराइड आणि एकूण क्षारांचे दणदणीत आकडे आयतेच मिळतील.

त्या अहवालावर आयन-ताळा करून बघा. प्रत्येक आयनाचे मिग्रॅ त्याच्या सममूल्यभाराने (भार भागिले प्रभार) भागा. धन बाजू : कॅल्शियम ८० ÷ २० = ४, मॅग्नेशियम २४ ÷ १२ = २, सोडियम ४६ ÷ २३ = २, एकूण ८. ऋण बाजू : बायकार्बोनेट ३०५ ÷ ६१ = ५, क्लोराइड ७१ ÷ ३५.५ = २, सल्फेट ४८ ÷ ४८ = १, एकूण ८. पाण्यावर विद्युतभार नसतो, म्हणून दोन्ही बाजू जुळल्या पाहिजेत. खऱ्या अहवालात तंतोतंत जुळत नाहीत. फरक भागिले दोन्ही बाजूंची बेरीज, गुणिले १००, हे साधारण ५ टक्क्यांच्या आत असेल तर अहवाल धरून चालायला हरकत नाही.

आता हा तुम्ही करा. धन बाजू वरचीच, ८. ऋण बाजूला बायकार्बोनेट २४४, क्लोराइड ७१, सल्फेट ४८. नायट्रेट मोजलेलंच नाही. सगळा फरक नायट्रेटमुळे आहे असं धरलं तर ते किती, आणि पाणी पिण्याजोगं आहे का? (उत्तर : ऋण बाजू ७, फरक १, म्हणून नायट्रेट ६२ मिग्रॅ/लिटर. मर्यादा ४५, पिण्याजोगं नाही.)